बुडालेल्या आजोबांचा वारस

माझे आजोबा माझ्या वडिलांच्या जन्माआधी चार वर्षं वारले, असं लेखी उत्तर माझ्याकडे आहे. ते विलायतेहून आलंय. त्यावर गोल शिक्का आहे, खाली कुणा बाईची वळणदार सही आहे, आणि शेवटी माझ्या दुःखात सहभागी असल्याचंही तिने लिहिलंय. मी हिजलकांदीच्या हायस्कुलात भूगोल शिकवणारा साधा माणूस. असं पत्र हातात घेऊन माणसाने नेमकं काय करायचं असतं, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. बाकी सगळं सांगितलं. आमच्या गावात सल्ल्याला तोटा नाही.

सुरुवात रस्त्याने झाली. बाजारापासून कुशियारा नदीच्या घाटापर्यंतचा चिखलाचा रस्ता पक्का होणार होता, आणि त्याला गावातल्या एखाद्या थोर माणसाचं नाव द्यायचं, असं आमच्या युनियनच्या, म्हणजे गावपंचायतीच्या, तजम्मुल चेअरमननी चहाच्या टपरीवर जाहीर केलं. थोर माणूस कोण हे त्यांनी मनात ठरवलेलंच होतं, त्यांचे सासरे. या सासऱ्यांनी हयातभर म्हशी विकल्या आणि एकदा ढाक्याला जाऊन ते सर्दी घेऊन परत आले. एवढ्यावर माणसाचा रस्ता होत असेल तर आमच्या गावात गल्ल्या पुरायच्या नाहीत.

"सरांचे आजोबा आहेत की!" मनाफभाई म्हणाले. मनाफभाई म्हणजे आमचे शेजारी. तीस वर्षं लंडनच्या हॉटेलात कांदा कापून परत आलेले. चैत्रातसुद्धा ओव्हरकोट घालून बसतात आणि घाम पुसत पुसत इथल्या उकाड्याला शिव्या देतात. "आरजू मिया! महायुद्धातला खलाशी. जहाज बुडालं तरी गडी पोहत घरी आला. असा माणूस सोडून तुम्ही म्हशींच्या मागे काय लागलाय?"

गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. आजोबांचं जहाज बुडाल्याची तार आली, घरात रडारड झाली, बैल कापून चाळिसाव्या दिवसाचं जेवण घातलं, आणि पंगत बसलेली असताना आरजू मिया खांद्यावर बोचकं टाकून अंगणात हजर. "कुणाचं जेवण आहे?" असं त्यांनी विचारलं म्हणतात. आमच्या घराण्याची सगळी इज्जत या एका वाक्यावर उभी होती. शिवाय आजोबांना मरणानंतर बढत्याही मिळत गेल्या. माझ्या लहानपणी ते जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकणारे आगवाले होते. मी कॉलेजात गेलो तोवर ते यंत्रांना तेल घालणारे तेलवाले झाले. धाकट्या बहिणीला लंडनचं स्थळ आलं तेव्हा पाहुण्यांसमोर आब्बांनी त्यांना थेट सारेंग करून टाकलं, म्हणजे सगळ्या खलाशांचा म्होरक्या. लग्न जमलं. त्यानंतर त्यांना खाली उतरवणं कुणालाच शक्य नव्हतं.

मनाफभाईंनी टाळीसाठी हात पुढे केला तशी चेअरमननी टाळी दिली, पण म्हणाले, "सर, तुम्ही शिकलेले. पोहत आले, पोहत आले हे मी पण ऐकलंय. जरा पुरावा आणा ना."

मला राग आला. रागाच्या भरात मी "आणतो" म्हणालो, आणि तिथेच फसलो.

घरी येताना तळ्याच्या काठी सफुराखाला भेटली. खाला म्हणजे मावशी, सगळ्या गावाचीच. ती आमच्या समोरच्या काठावर राहते, सत्तरीची, एकटी, कडक. तिचा बाप तोरब अली आजोबांच्याच वेळी जहाजावर गेला तो गेलाच. ना तार, ना खबर. त्या वेळी ती आईच्या पोटात होती.

"मास्तर, आजोबांचं शोधताय म्हणे. मग आमच्या बाबांचं पण बघा की."

"काय बघू?"

"दिवस. फक्त दिवस बघा. कुठल्या दिवशी गेले ते कळलं तर शिरणी तरी वाटेन. लोक आपल्या मेलेल्यांसाठी वर्षाला दुआ मागतात. मी कुठल्या दिवशी मागू? मेले असंही कुणी सांगितलेलं नाही मला."

मी मोठ्या मनाने "हो हो, बघू" म्हणालो. मोठ्या मनाने म्हणजे वाटेतलं एक लहानसं काम उरकून टाकावं तसं. मला आता हे लिहिताना लाज वाटते.

मनाफभाईंनी सूत्रं हाती घेतली. लंडनमध्ये कागद मरत नाही, माणूस मरतो, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या भाच्याने तिकडून अर्ज पाठवला आणि अर्जातला पहिलाच प्रश्न आमच्यावर येऊन आदळला. आजोबांची जन्मतारीख. फुफू, म्हणजे आब्बांची थोरली बहीण, म्हणाली, "मोठी चिंच पडली त्या वर्षी." चिंच कधी पडली यावर घरात दोन दिवस भांडण झालं. शेवटी मी एक जानेवारी लिहिलं. आमच्याकडे ज्याला तारीख माहीत नसते तो एक जानेवारीला जन्मतो. मी स्वतः एक जानेवारीचा आहे, माझी बायको रोशनारा एक जानेवारीची आहे, आणि माझ्या वर्गातली निम्मी पोरं त्याच दिवशी जन्मलेली आहेत. विलायतेतल्या लोकांना वाटत असेल की आमच्या आया त्या एकाच दिवशी मोकळ्या असतात.

उत्तर येईना, तेव्हा लोक म्हणाले, चितगावला जा, खलाशांची जुनी कचेरी तिथे होती. मी रजा काढून रात्रभर गाडीत बसून गेलो. कचेरी हलली होती. जिथे हलली होती तिथूनही हलली होती. तिसऱ्या इमारतीतल्या चौकीदाराने "समुद्राचं ना? वर जा" म्हणून मला वरच्या मजल्यावर पाठवलं. तिथे माझं नाव लिहून घेतलं, हातात पिशवी दिली, खुर्चीवर बसवलं, आणि तासाभराने माझ्या लक्षात आलं की मी तळ्यातल्या मागुर माशांच्या संगोपनाच्या शिबिरात बसलो आहे. मी उठणारच होतो, पण जेवणाची वेळ झाली होती आणि माझ्या नावचं ताट मांडलेलं होतं. शिक्षकाला अर्ध्या वर्गातून उठून जाणं शोभतही नाही. संध्याकाळी मी प्रमाणपत्र घेऊन परत निघालो. रोशनाराने ते वाचलं आणि म्हणाली, "आजोबा शोधायला गेलात आणि मासे शिकून आलात. बरं झालं, निदान तळ्याला उपयोग होईल."

आणि मग ते पत्र आलं.

मनाफभाईंनी ते टपरीवर सगळ्यांसमोर फोडलं, कारण इंग्रजी पत्र टपरीवरच फोडायचं असतं. आरजू मिया, आगवाला, गाव हिजलकांदी. जहाज बेलमूर. सन बेचाळीसच्या नोव्हेंबरच्या अठरा तारखेला पाणबुडीचा टॉर्पेडो लागून बुडाल्याची जागा, अक्षांश-रेखांशासकट. आगवाला आरजू मिया जहाजासोबत बुडाला. सापडला नाही.

मग मनाफभाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"सर, तुमच्या आब्बांचा जन्म कधीचा?"

"सेहेचाळीसचा."

"एक जानेवारी?"

"एक जानेवारी."

"मग तुम्ही कोण?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

तिथून माझी जी दशा झाली ती विचारू नका. बाजारात लोक माझ्याकडे बघून बोटांवर वर्षं मोजायचे. वर्गात फळ्यावर कुणीतरी ‘४६ वजा ४२’ असं गणित लिहून ठेवलं होतं, आणि उत्तराच्या जागी माझं नाव. रोशनारा म्हणाली, "माझ्या बापाने चांगलं घराणं बघून दिलं होतं मला. आता कळतंय की घराणं चार वर्षं उशिरा सुरू झालंय."

पुढची माहिती हवी असेल तर मृताशी असलेलं नातं सिद्ध करा, असं पत्रात होतं. म्हणून मी वारस दाखला काढायला युनियनच्या कचेरीत गेलो. तिथल्या सचिवाने दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहिल्या आणि पेन खाली ठेवलं.

"सर, मयत बेचाळीसला. मुलगा सेहेचाळीसला. मी सही कशी करू? माझी नोकरी जाईल."

"अहो, आजोबा मेलेच नव्हते! माझ्या डोळ्यांदेखत पंच्याऐंशीला गेले. मी खांदा दिलाय."

"मग त्यांना मेलेले दाखवू नका. जिवंत दाखवा."

"जिवंत माणसाचा वारस दाखला देता का तुम्ही?"

"नाही," सचिव म्हणाला. "म्हणूनच म्हणतोय, घरी जा."

चेअरमन मात्र खूष झाले. पोहून आलेला खलाशी त्यांना पटत नव्हता, पण बुडालेला एकदम पटला. "शहीद!" ते म्हणाले. "सर, आपल्या युनियनमध्ये एकही महायुद्धातला शहीद नव्हता. शेजारच्या युनियनला तोंड दाखवायला जागा नव्हती." सासरे मागे पडले. तिसऱ्या दिवशी पाटी रंगून आली, हिरव्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘शहीद नाविक आरजू मिया सडक’. अनावरण शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर, आणि आधी मशिदीत शहिदासाठी दुआ. मला भाषण करायचं होतं. माझा ऊर भरून आला होता आणि डोक्यात काहीच शिरत नव्हतं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू होत्या.

मी घरी येऊन शाळेचा नकाशा जमिनीवर पसरला आणि जहाज बुडाल्याच्या जागेवर पेन्सिल टेकवली. अटलांटिकच्या मधोमध. सगळीकडून निळं. तिथून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजलं, पुन्हा मोजलं. आजोबांना आमच्या तळ्याचा दुसरा काठ गाठता येत नसे, हे मला तेव्हा आठवलं. वीस वर्षं मी पोरांना महासागर शिकवले आणि एकदाही पट्टी लावून पाहिली नव्हती.

फुफू पलंगावर पान चघळत बसली होती. तिला कमी ऐकू येतं, म्हणजे तिला हवं तेव्हा.

"फुफू, इथून पोहत येता येत नाही," मी म्हणालो.

"माहीत आहे मला," फुफू म्हणाली.

मी वर बघितलं.

"नकाशा गुंडाळ आधी. पाय पडेल. तुझा आजोबा त्या जहाजावर नव्हताच."

"मग कुठे होता?"

"कलकत्त्याला, खिदिरपूरच्या गोदीजवळ, खलाशांच्या खोलीत. डोळे आले होते त्याचे."

जगाचं महायुद्ध चालू होतं आणि माझ्या आजोबांचे डोळे आले होते. मला खाली बसावं लागलं. तसा मी खालीच बसलो होतो.

"लाल भडक डोळे," फुफू म्हणाली. "डॉक्टर पास करेना. जहाज तर सुटायचं होतं. सारेंगने गावची माणसं भरलेली, एक कमी पडत होता. त्याला कागदावर एक नाव पाहिजे होतं आणि भट्टीला एक माणूस. नाव आरजूचं होतं, नली त्याच्याकडे होती." नली म्हणजे खलाशाचं ओळखपत्र. त्याच्याशिवाय जहाजावर पाय ठेवता येत नसे. "तोरब बिचारा सहा महिने नलीशिवाय खोलीत बसून होता. म्हणाला, आरजूभाई, मला द्या, मी जाऊन येतो, आल्यावर परत करतो. तेव्हा असंच चालायचं रे. एकाच्या नलीवर दुसरा जायचा. साहेबाला सगळे चेहरे सारखेच."

"म्हणजे बुडाला तो..."

"सफुराचा बाप."

"मग आजोबांनी सांगितलं का नाही?"

फुफूने पिकदाणीत पान थुंकलं. "मी सहा वर्षांची होते. माझ्याच बापाच्या चाळिसाव्याचं मी जेवत होते. हातात हाडूक होतं. आणि बाप दारात. अरे, लोक उठले, किंचाळले, आई बेशुद्ध पडली. कुणीतरी ओरडलं, पोहून आला, आरजू पोहून आला! त्याला बोलूच देईनात. आणि तेवढ्यात तोरबची बायको पुढे आली, सफुरा कडेवर. म्हणाली, भाईसाब, आमचं माणूस? तो तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, दुसऱ्या जहाजावर आहे. बस. एवढंच बोलला. एकदा बोलला ते बोलला. मग रोज उठून तो शब्द परत घ्यायचं म्हणायचा आणि रोज राहून जायचं. आई मला म्हणाली, तोंड उघडलंस तर जीभ कापीन."

"आणि आता का उघडलंस?"

"तू तिला दिवस शोधून देतो म्हणालास ना? दिवस तर घरात येऊन पडलाय."

मी चेअरमनकडे धावलो. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा मागवला, आणि म्हणाले, "सर, कागदावर बुडाला कोण?"

"आरजू मिया."

"पाटीवर काय लिहिलंय?"

"आरजू मिया."

"मग चूक कुठे आहे? रंगाचे दोन हात झालेत सर. घरी जा."

मला त्यात चूक कुठे आहे ते नक्की माहीत होतं, पण सांगता येईना. पाटी बरोबर होती, कागद बरोबर होता, फुफू खरं बोलत होती, आणि तरी माणूस चुकीचा होता. भूगोलात असं कधी होत नाही.

सफुराखालाकडे जायला मी दोनदा निघालो आणि दोन्ही वेळा हवापाण्याचं बोलून परत आलो. एकदा तिने मला भोपळा दिला. गुरुवारी रोशनारा म्हणाली, "आणखी भोपळे शिजवणार नाही मी. आज सांगूनच या."

मी गेलो. सफुराखाला शेंगा निवडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, वर्गात पाठ म्हणतात तसं, कुठेही न थांबता. तिचे हात थांबले.

"तुमचा आजोबा दर ईदला आमच्या दारात येऊन उभा राहायचा," ती म्हणाली. "बोलायचा काहीच नाही. आई म्हणायची, काय मठ्ठ माणूस आहे, आला की घालवावा लागतो." मग एकदम तिचा आवाज चढला. "मठ्ठ! आईने मरेपर्यंत बांगड्या उतरवल्या नाहीत, मास्तर. विधवा आहे हे तिला कळलंच नाही!"

मला आजोबांचा भयंकर राग आला होता आणि त्यांची भयंकर कीवही येत होती, आणि त्यातलं काहीही त्या बाईच्या कामाचं नव्हतं.

"दिवस सांगा परत," ती म्हणाली.

"अठरा नोव्हेंबर."

"आपला सांगा."

"अग्रहायणाची सुरुवात. भात कापणीच्या तोंडावर."

तिने तो ओठांत दोन-तीनदा म्हणून पाहिला. मग म्हणाली, "पाटी ठेवा तुमची. मला वाचता येत नाही. पण उद्या मशिदीत दुआ मागाल ती माझ्या बापाच्या नावाने मागा. आणि नाव तुम्ही घ्यायचं. तुमच्या घरातल्या माणसाने."

शुक्रवारी मशीद भरली होती. चेअरमन पहिल्या रांगेत नवीन टोपी घालून. नमाज झाल्यावर इमामसाहेबांनी हात उचलले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "सर, शहिदाचं पूर्ण नाव?"

माझ्या खिशात भाषण होतं. त्यात महासागर होता, वंश होता, सारेंगही होता. मी उभा राहिलो.

"तोरब अली," मी म्हणालो. "वडील उस्तार अली. हिजलकांदी. जहाजावर माझ्या आजोबांच्या नावाने गेले होते. माझे आजोबा गेले नव्हते. त्यांचे डोळे आले होते."

मागून कुणीतरी हसलं. मला ते स्पष्ट ऐकू आलं. मनाफभाईंनी ओव्हरकोटातून मान वळवून त्याच्याकडे असं बघितलं की तो लगेच हात वर करून बसला. चेअरमन पुटपुटले, "रंग, सर, रंग..." इमामसाहेब जुने माणूस. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. तोरब अली, वलद उस्तार अली, असं नाव घेऊन त्यांनी दुआ मागितली, आणि सगळी मशीद आमीन म्हणाली. मी बसलो. आमच्या घराण्याची इज्जत गेली होती आणि मला एकदम हलकं वाटत होतं.

पाटीचं अनावरणही झालं. ती आजही तिथे आहे. अनोळखी माणसं मला विचारतात की हे कोण, आणि मी सांगायला लागलो की त्यांची बस येते.

सफुराखालाने अंगणात शिरणी वाटली. मला हातात देताना म्हणाली, "मास्तर, आई रात्री दाराला कडी लावायची नाही. माणूस कधीही येईल, दार बंद दिसलं तर परत जाईल, म्हणायची. तिच्यामागे मी पण नाही लावली. दोनदा बकऱ्या गेल्या. आज लावते."

संध्याकाळची, मगरिबची नमाज झाली आणि तळ्यापलीकडून ठोकल्याचा आवाज यायला लागला. थांबायचा, परत यायचा. रोशनारा दारात जाऊन बघून आली. म्हणाली, "खाला दगडाने कडी ठोकतेय. सत्तर वर्षांची गंजलेली, बसेल कशी?"

मी स्वयंपाकघरातून मोहरीच्या तेलाची बाटली घेतली आणि तळ्याला वळसा घालून निघालो.